आठ लॅपटॉप, चाळीस मुलं: प्राथमिकच्या वर्गात लॅपटॉप कसा वापरायचा

पुण्यात हल्ली बऱ्याच शाळांना लॅपटॉप मिळतात. कुणाला हिंजवडी-खराडीकडच्या कंपन्यांच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) जुने, कुणाला माजी विद्यार्थ्यांकडून, कुणाला लोकवर्गणीतून. आणि मग काय होतं, की ते कपाटात जातात, नाहीतर त्यातला एक प्रोजेक्टरला जोडून त्यावर कवितेचा व्हिडिओ लावतात आणि सगळा वर्ग तो बघतो. व्हिडिओ बघण्यात वाईट काही नाही, पण त्याला आठ लॅपटॉप कशाला हवेत, एक टीव्ही पुरतो. माऊस मुलाच्या हातात असेल आणि ते मूल काहीतरी लिहीत, मोजत, काढत असेल तरच या मशीनचा उपयोग आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मी मराठी माध्यमाच्या तिसरी-चौथीला शिकवते, त्यामुळे खालचं सगळं त्या वयाच्या मुलांना धरून लिहिलंय, पहिली-दुसरीला थोडं सोपं करा, पाचवीला थोडं पुढे न्या.

लॅपटॉप हातात आले की आधी काय बघायचं

जुना लॅपटॉप आला की सगळ्यात आधी तो टेबलावर सपाट ठेवून बघा. टचपॅड वर आलाय, खालचं झाकण फुगलंय किंवा मशीन डुगडुगतंय तर बॅटरी फुगलेली असू शकते, तो चार्जिंगला लावायचा नाही, बॅटरी दुरुस्तीवाल्याकडूनच काढून घ्यायची. यात "बघू नंतर" असं अजिबात करू नका, लहान मुलांचा वर्ग आहे.

मग विंडोज कुठलं आहे ते बघा. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि जुन्या बऱ्याच मशीनवर विंडोज ११ चढत नाही. अशा मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकून घ्या, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर आरामात चालते आणि फुकट आहे. स्वतःला जमत नसेल तर पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजांची काय कमी आहे, ओळखीतल्या दोन मुलांना एका शनिवारी बोलवा, चहा-वडापाववर आठही मशीन होऊन जातात.

प्रत्येक मशीनवर दोन खाती करा, एक शिक्षकाचं पासवर्ड असलेलं आणि एक विद्यार्थ्यांचं साधं, बिनपासवर्डचं. विद्यार्थ्यांच्या खात्यातून नवीन सॉफ्टवेअर टाकता येत नाही आणि सेटिंग बिघडत नाही, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

मशीनला नंबर देण्यापेक्षा नावं द्या. आमच्याकडे किल्ल्यांची आहेत, तोरणा, राजगड, सिंहगड, पुरंदर, शिवनेरी, लोहगड, विसापूर, तिकोना. झाकणावर मोठ्या अक्षरात स्टिकर. "बाई, लोहगडाचं चार्जिंग संपलंय" असं मूल स्वतःहून येऊन सांगतं, कारण त्या गटाला तो किल्ला आपला वाटतो. पाच नंबरच्या मशीनबद्दल कुणी इतकं मनावर घेत नाही.

माऊस मात्र विकत घ्याच, वायरवाले, साधे. सात-आठ वर्षांच्या मुलाला टचपॅडवर एखादी गोष्ट ओढून न्यायला फार त्रास होतो, बोट उचललं की वस्तू सुटते आणि मूल रडकुंडीला येतं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात तर माऊस, एक्स्टेंशन बोर्ड, प्रोजेक्टरची केबल सगळं एका फेरीत होतं. बोर्ड घेताना स्वस्तातला घेऊ नका. साधारण चार्जर ६५ वॅटचा धरला तर आठ मशीनचे झाले ५२० वॅट, आणि भिंतीतला ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंत झेपतो, म्हणजे हिशोबाने एक चांगला बोर्ड पुरतो, पण एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचायची सवय मोडा. आणि चार्जिंग कपाटापाशी, तासाच्या आधी करा. मुलं काम करतात तेव्हा जमिनीवर एकही वायर नको, कुणीतरी अडखळतंच. पुण्यात देखभालीसाठी लाईट जायची ती बहुतेक गुरुवारी, त्यामुळे बुधवारी शाळा सुटायच्या आधी सगळी मशीन भरून ठेवायची, हे काम मी दोन मुलांना वाटून दिलंय आणि ते विसरत नाहीत.

नेट नसलं तरी तास चालला पाहिजे

ऑनलाईन साधनं म्हटलं की सगळ्यांना आधी वायफाय आठवतं, पण तासाची आखणी करताना नेट नाहीच असं धरून चाला. शिक्षकाच्या फोनचा हॉटस्पॉट आठ मशीनला जोडला आणि प्रत्येकाने वेगळा व्हिडिओ लावला तर साध्या क्वालिटीलासुद्धा तासाला साधारण अर्धा-अर्धा जीबी जातो, म्हणजे मिळून ४ जीबी, आणि आपला रोजचा पॅक दीड-दोन जीबीचा. वर्ग मधेच गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसला की तो परत कामाला लावणं फार अवघड असतं.

म्हणून जिथे नेट चांगलं आहे तिथे, घरी किंवा ऑफिसात, आधी सगळं उतरवून घ्या आणि पेनड्राईव्हने आठही मशीनवर टाका. जीकॉम्प्री हा लहान मुलांसाठीचा शंभराहून जास्त खेळ-उपक्रमांचा संच आहे, मोफत, जाहिरात नाही. चित्रांसाठी टक्स पेंट. लिहायला आणि तक्त्यांना लिब्रेऑफिस. चौथी-पाचवीला स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं साधन, त्याची ऑफलाईन आवृत्ती मिळते. गणित-विज्ञानासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट प्रकल्प आहे, त्यातली बरीच सिम्युलेशन (स्क्रीनवर हाताने करून बघायचे प्रयोग) मराठीतही आहेत आणि बिननेटची फाईल म्हणून उतरवता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, त्याच्या पीडीएफ काढून ठेवा. बालभारतीच्या साईटवरून तुमच्या इयत्तेची पुस्तकंही पीडीएफमध्ये घ्या, एखादं मूल पुस्तक विसरलं तर तेवढं पान उघडून देता येतं. हे एवढं वर्षभर पुरतं, अजून दहा ॲप शोधत बसू नका. पैसे भरून घ्यायची ॲप विकायला लोक शाळेत येतात, त्यांना आधी एकच विचारा, नेट बंद करून दाखवता का. तिथेच बऱ्याच गोष्टी कळतात.

पहिले काही तास फक्त हात बसवायला

पहिल्या तासाला धडा, अभ्यास, काही नको. टक्स पेंट उघडून द्या आणि सांगा, आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा. क्लिक करणं, ओढणं, सोडणं, पुसणं हे सगळं त्यात आपोआप येतं. घरी कंप्युटर असलेली मुलं पटापट करतात आणि बाकीची बघत बसतात, तर त्या पटपट्यांना मुद्दाम वेगवेगळ्या गटात टाका आणि पहिले दोन आठवडे त्यांच्या हातात माऊस शेवटी द्या.

मग टायपिंग. इथे मी जरा हट्टी आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी अक्षरांतून मराठी टाईप करायला लावू नका. तिसरीतल्या मुलाला कमळ लिहायचंय, त्यासाठी आधी त्याचं इंग्रजी स्पेलिंग जुळवायचं, हा उलटा घास आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा. विंडोजमध्ये सेटिंगमधून भाषा म्हणून मराठी जोडली की तो मिळतो, विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. यात बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आणि स्वर-मात्रा डाव्या हाताला असतात. केचं बटण दाबलं की क, शिफ्ट धरून दाबलं की ख. एचवर प आणि शिफ्टने फ. एलवर त, शिफ्टने थ. मुलांना वर्णमाला पाठ असतेच, त्यामुळे जोडी त्यांना लगेच कळते. कमळ म्हणजे के, सी आणि शिफ्ट-एन, तीन बोटांत शब्द तयार.

आणि जोडाक्षर तर बघण्यासारखं असतं. पुस्तक टाईप करताना एच, जी, मग एम, डी, एल, के. डी दाबल्यावर स चा पाय मोडतो आणि पुढचा त आला की दोघं जोडले जातात, मुलाच्या डोळ्यासमोर. लिहिताना जे मूल "पुसतक" लिहायचं ते इथे पाय मोडलेला स बघतं आणि एकदम थांबतं. पहिल्या वेलांटीचंही तसंच, दिसते अक्षराच्या आधी पण टाईप करायची अक्षरानंतर, जसं आपण बोलतो तसं. वेग यायची घाई करू नका, रोजचे पाच शब्द पुरे, शुद्धलेखनाच्या तासाचाच भाग समजा. पुठ्ठ्यावर कीबोर्डचं मोठं चित्र काढून भिंतीवर लावा आणि त्याची झेरॉक्स प्रत्येकाला द्या, ज्यांना त्या दिवशी मशीन मिळत नाही ती मुलं कागदावर बोटं फिरवतात.

तासाची आखणी

चाळीस मुलं आणि आठ मशीन, म्हणजे एका मशीनवर पाच. हे चालत नाही, मागची दोघं खिडकीबाहेर बघतात. वर्गाचे दोन भाग करा. वीस जणं मशीनवर, अडीच-तीनचा गट, आणि वीस जणं त्याच विषयाचं वहीतलं काम करतील, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. सगळ्यांना एकदम बसवायचा मोह टाळा.

तिघांच्या गटात तीन कामं. एकाकडे माऊस, दुसरा सूचना वाचून सांगणार, तिसरा वहीत लिहिणार. सात-आठ मिनिटांनी टाळी वाजली की कामं बदलायची. आणि एक नियम पहिल्या दिवसापासून, दुसऱ्याच्या हातातून माऊस घ्यायचा नाही, काय करायचं ते तोंडाने सांगायचं. यामुळे एकतर भांडणं कमी होतात आणि दुसरं म्हणजे मुलं बोलायला शिकतात, "वरचा लाल चौकोन धर, खाली ओढ, अजून, हां सोड" असं नेमकं सांगणं ही भाषेचीच प्रॅक्टिस आहे, माझ्या मते त्या तासातली सगळ्यात मोलाची.

पस्तीस मिनिटांच्या तासातली पाच मशीन वाटण्यात जातात आणि पाच आवरण्यात, ती धरूनच चला. मशीन उघडायच्या आधी आजचा प्रश्न फळ्यावर लिहा. एकच प्रश्न, ज्याचं उत्तर शेवटी वहीत आलं पाहिजे. एकदा स्क्रीन चालू झाली की तुमचं बोलणं कुणाला ऐकू येणार नाही. मधे काही सांगायचं असेल तर "झाकणं अर्धी" म्हणा, सगळ्यांनी झाकण अर्ध्यावर आणायचं, पूर्ण बंद केलं तर मशीन झोपतं आणि परत उठायला वेळ लावतं.

एक उपक्रम सविस्तर: शाळेतला पाऊस

जून ते सप्टेंबर हा उपक्रम जरूर करा, यात मोजणं, तक्ता, आलेख, परिसर अभ्यास सगळं येतं.

सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून त्याच बाटलीत नरसाळ्यासारखा बसवा. कापलेल्या ठिकाणची रुंदी आणि खालच्या बाटलीची रुंदी सारखी हवी, वेगळं मोठं नरसाळं ठेवलंत तर पाऊस खोटा जास्त दिसेल. बाटलीचा तळ खड्ड्याखड्ड्यांचा असतो म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची रेघ मारा आणि त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. मैदानात उघड्यावर ठेवा, झाडाखाली किंवा पागोळ्याखाली नको, वाऱ्याने पडू नये म्हणून चार विटा लावा. मोजून झालं की पाणी परत शून्याच्या रेघेवर आणून ठेवायचं.

रोज सकाळी साडेआठला दोन मुलं जाऊन आकडा घेतील. साडेआठच का, तर हवामान खातं त्यांचा २४ तासांचा पाऊस सकाळी ८.३० ला मोजतं, आणि सकाळच्या शाळेला ते जमतंही. मोजताना डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, वरून वाकून वाचलं की आकडा चुकतो, हे एकदा सगळ्यांना करून दाखवा.

वर्गात आल्यावर लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये दोन रकाने, तारीख आणि मिलिमीटर. रविवारी कुणी नसतं, म्हणून सोमवारचा आकडा दोन दिवसांचा असतो, तो वेगळ्या रंगात. आठवडा झाला की दोन्ही रकाने निवडून इन्सर्टमधून चार्ट, स्तंभालेख समोर. पण त्याच्या आधी तोच आलेख वहीत पट्टीने काढून घ्या, नाहीतर मुलांना वाटतं आलेख मशीन काढतं. वहीत काढलेला असला की स्क्रीनवरचा बघून "बाई, माझा शुक्रवार लहान आला" असं स्वतःच तपासतात.

आता नेटचं काम येतं. शिक्षकाच्या मशीनवर हवामान खात्याच्या साईटवरचा शिवाजीनगरचा पाऊस उघडा आणि आपल्या आकड्याशेजारी लिहा. दोन्ही आकडे बहुतेक जुळत नाहीत, आणि खरा तास इथून सुरू होतो. आपली बाटली तिरकी होती का, मोजायला उशीर झाला का, की खरंच कोथरूडला पडला आणि शिवाजीनगरला नाही? पुण्यात राहणाऱ्या मुलाला हे घरबसल्या माहीत असतं, की मामाकडे धो धो आणि आपल्याकडे रस्ता कोरडा, पण ते आकड्यात दिसलं की मजा वेगळी. हवामान खात्याच्या हिशोबाने २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला तर तो पावसाचा दिवस. मग महिन्याच्या शेवटी प्रश्न विचारा, जुलैत आपल्याकडे पावसाचे दिवस किती? कॅल्कमध्ये मोठ्या आकड्यापासून लहानाकडे क्रम लावायला शिकवा, की मुलं वरून मोजतात.

बाकीच्या विषयांचं थोडक्यात

चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो. त्यावेळी गुगल अर्थ ब्राउझरमध्ये उघडा, हे नेटशिवाय होत नाही त्यामुळे प्रोजेक्टरवर एकाच मशीनवर, पण माऊस आळीपाळीने मुलांकडे. तोरणा शोधा, चित्र तिरकं करा म्हणजे डोंगर उभे दिसतात. प्रश्न असा ठेवा, राजगडावरून तोरणा दिसत असेल का? मुलं राजगडावर जाऊन तोरण्याकडे तोंड करून बघतात, पट्टीच्या साधनाने अंतर मोजतात, दोन्हीची उंची लिहून घेतात. मग वहीत नकाशा.

अपूर्णांकांना फेटचं अपूर्णांकाची ओळख करून देणारं सिम्युलेशन चांगलं आहे, पण आधी कागदाच्या घड्या घालूनच. चौथीच्या शेवटी किंवा पाचवीला स्क्रॅचमध्ये पेन घेऊन चौरस काढायला लावा, चाल, ९० अंशात वळ, हे चार वेळा. मग त्रिकोण सांगा. सगळे ६० अंश टाकतात आणि त्रिकोण होत नाही. सांगू नका. तिघांतल्या एकाला उठवून जमिनीवर खडूच्या त्रिकोणावर चालायला लावा, किती वळावं लागतं ते अंगाला कळतं, १२० येतंच.

झटपट उजळणीला प्लिकर्स वापरा. प्रत्येक मुलाकडे छापलेलं एक कार्ड, ते कुठल्या बाजूने वर धरलं त्यावरून अ, ब, क, ड, आणि शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं काय उत्तर ते नोंदलं जातं. मुलांकडे एकही यंत्र लागत नाही आणि न बोलणाऱ्या मुलांचंही उत्तर मिळतं.

सुरक्षितता आणि पालक

भारतात स्वतःचं गुगल खातं उघडायचं वय १३ आहे, त्यामुळे प्राथमिकच्या मुलांची खाती वय खोटं टाकून उघडू नका, गरजच असेल तर शाळेच्या नावाने मिळणारी शैक्षणिक खाती घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं आहे. म्हणून कुठल्याही साईटवर मुलाचं पूर्ण नाव, फोटो, जन्मतारीख द्यायची नाही, गटाचं नाव पुरतं, तोरणा गट, पुरंदर गट. शाळेत राऊटर असेल तर त्यात डीएनएसच्या (साईटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी १.१.१.३ टाकून घ्या, क्लाउडफ्लेअरची ही मोफत सोय प्रौढांच्या साईट अडवते. तरी काहीतरी निसटतंच, म्हणून मुलांना सांगून ठेवा, विचित्र दिसलं तर झाकण खाली आणि हात वर. आणि हात वर करणाऱ्या मुलाला एकदाही ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

पालकसभेत हमखास दोन टोकं असतात, एक म्हणतात रोज कंप्युटर शिकवा, दुसरे म्हणतात आधीच मोबाईल सुटत नाही त्यात हे. दोघांनाही मुलांच्या वह्या दाखवा, पावसाचा आलेख, किल्ल्यांचा नकाशा. केंद्राच्या २०२० च्या प्रज्ञाता सूचनांमध्ये ऑनलाईन वर्गासाठी पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं सांगितली होती. आपलं वर्गातलं काम त्याच्या कितीतरी आत राहतं, आठवड्याला दोन तास मला पुरेसे वाटतात. मधे एकदा सगळ्यांना मान वर करून मैदानातल्या झाडाकडे बघायला सांगा, डोळ्यांना बरं पडतं. आणि घरी काही द्यायचंच असेल तर पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने कसा उघडायचा ते पालकांना सभेतच दाखवा, व्हिडिओ एकदा उतरवून घेतला की घरी नेट लागत नाही.

आवरणं

तास संपला की फाईल गटाच्या नावाच्या फोल्डरमध्ये आणि मशीन नीट शटडाऊन करून. महिन्यातून एका शनिवारी सगळ्या फाईल पेनड्राईव्हवर घ्या आणि अपडेट करून टाका. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बॅटऱ्या पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या ठेवू नका, निम्म्यावर आणून मशीन बंद करा आणि पत्र्याखालच्या खोलीत न ठेवता थंड जागी ठेवा, मे महिन्याच्या गरमीत बॅटरी लवकर खराब होते. जूनमध्ये शाळा उघडायच्या दोन दिवस आधी येऊन सगळी चार्ज करून अपडेट करून घ्या, त्याला अर्धा दिवस जातो, पण पहिल्याच तासाला मुलं तयार मशीनवर बसतात.